क्लचबाई आणि झोपेची गोळी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे क्लचबाई म्हणत. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर बसला रे बसला, की शेजारच्या सीटवरून "क्लच! आधी क्लच दाबा!" असा गजर सुरू व्हायचा. स्कूल धाकट्या दिराचं, पण चालायचं ते क्लचबाईच्या आवाजावर. घरात तिचं कुणी ऐको न ऐको, गाडीत तिचा शब्द शेवटचा असे. म्हणूनच त्या सीटवर तिचा जीव होता.

पन्नाशी उलटली आणि तिची झोप उडाली. नवरा आधीपासूनच डॉक्टरीणबाईंकडून झोपेची गोळी घेत होता. "डॉक्टर कशाला आणखी? माझीच घे की, एक नंबर गोळी आहे," तो म्हणाला. तिनेही घेतली.

झोप लागली, यात वाद नाही. भानगड व्हायची ती सकाळी. नवरा शीळ घालत दाढी करायचा आणि ही चहात साखरेऐवजी मीठ ढवळत बसायची. "गोळी तीच, मग तुलाच कशी चढते?" असं म्हणून तो हसायचा आणि वर स्वतःच निदान करायचा, "वय झालं तुझं." दिराने तर ऑफिसातलं कोपऱ्यातलं टेबल पुसूनही ठेवलं. "वहिनी, आता आरामात फोन घेत बसा." आराम कसला डोंबलाचा! त्या टेबलावर बसायचं म्हणजे गाडीतली सीट गेलीच.

म्हणून ती डोळ्यांवर पाणी मारून गाडीत बसत राहिली. शिकाऊ मंडळी मात्र खूश. बाई ओरडत नाहीत, म्हणजे आपल्याला जमायला लागलं, अशी एकेकाची समजूत.

एका सकाळी शिकायला आलेला एक न्हावी गाडी चालवत होता. भर चौकात गाडी गचकन थांबली. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. क्लचबाईला डुलकी लागली होती आणि तिचा पाय नेमका त्या ब्रेकवर रेलला होता. न्हाव्याला वाटलं, चूक आपलीच. त्याने गाडी सुरू केली, ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. "क्लच दाबलाय हो बाई, आईशप्पथ दाबलाय!" तो रडकुंडीला आला.

क्लचबाई दचकून जागी झाली. समोरून एक ट्रक धडधडत आडवा गेला. झोपेत पाय ब्रेकवर पडला म्हणून गाडी त्याच्यापुढे सरकली नव्हती. नसता पडला तर?

"तुमचं काही चुकलं नाही," ती न्हाव्याला म्हणाली. "मी झोपले होते. गाडी हळूच कडेला घ्या."

तिने तडक दिरासमोर किल्ली ठेवली आणि झालं ते सांगून टाकलं. सीट गेली, असं तिने मनाशी धरलंच होतं. संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. नवराही सोबत निघाला. आपल्याला गोळी कशी पचते हे त्याला सांगायचं होतं.

दुसऱ्याची गोळी घेतल्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी आधी दोघांचीही हजेरी घेतली. मग म्हणाल्या, "गोळी एकच असली तरी शरीरं एक नाहीत. ही गोळी बाईच्या अंगातून उतरायला जास्त वेळ लागतो. सकाळी यांच्या रक्तातून ती बरीचशी गेलेली असते, तुमच्या रक्तात मात्र ठाण मांडून बसते. म्हणून बायकांना ती कमी ताकदीची देतात."

"पण हिचं वजन माझ्याहून जास्त आहे!" नवरा म्हणाला.

"नुसत्या वजनाचा प्रश्न नाही हो तो."

"म्हणजे माझं वय झालं, असं नाही?" क्लचबाईने विचारलं.

"वयाचा काय संबंध? ही गोळी आता बंद. तुमच्या झोपेचं आपण वेगळं बघू. सकाळची गुंगी पूर्ण गेली, की मी सांगेन, मग खुशाल गाडीत बसा."

क्लचबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नवऱ्याचा हिशेब मात्र अजून जुळत नव्हता. "म्हणजे हिला माझ्यापेक्षा कमी द्यायला हवी होती?"

क्लचबाईने डोळे पुसले आणि ती त्याच्याकडे वळली.

"अहो, तीस वर्षं या घरात मला सगळं तुमच्यापेक्षा कमीच मिळालं. खरोखर कमी द्यायची होती ती एक गोळी, आणि तेवढीच तुम्ही बरोबरीने दिलीत!"