टेपवर दुसऱ्याचा हात

झाडीपट्टीच्या नाटकांत मी पेटी वाजवायचो, तेव्हा आमच्याकडे लाउडस्पीकरचा कर्णा नव्हता. धान निघालं की गावोगाव बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरायचे आणि पटाला आलेली माणसं रात्री नाटकाला बसायची. अगदी मागं बैलबंडीवर बसलेल्याला गाणं पोचलं पाहिजे, म्हणून आम्ही सगळं काळी चारमध्ये, चढ्या पट्टीत करायचो. गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, मी भाता दणादण हाणायचो आणि लोक खूश होऊन जायचे.

आमचा गाणारा कुरखेड्याकडचा धान पिकवणारा शेतकरी. लुगडं नेसून राणीचं काम करायचा. त्याला गाणं मी शिकवलं. हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी.

माझी पेटी बिघडली की चांद्याचा एक मुसलमान कारागीर ती दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात चावीचा ग्रामोफोन होता. मला ऐकायला मिळायचं ते त्याच्या पायरीवर बसून, पेटी तयार होईपर्यंत. माझ्या आवडीची एक ठुमरीची तबकडी होती. मी दिसलो की तो ती लावायचा. चांगुलपणानं लावायचा आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. सूर लावून झाल्यावर पेटी तपासायला तो जे दोन मिनिटं वाजवायचा ना, ते ऐकून माझा चहा कडू व्हायचा. एवढं हळू वाजवूनही ते कानात राहतं कसं, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायला जीभ रेटत नव्हती.

एका वर्षी पटाच्या दिवसांत नागपूरहून एक साहेब जीपमधून रिळांचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन कुरखेड्याला आले. इकडची गाणी त्यांना रेडिओवर लावायची होती. एक गाणारा आणि एक पेटी, एवढंच हवं होतं. मला वाटलं, आता अख्खा चांदा जिल्हा माझी पेटी ऐकणार. आदल्या दिवशी मी दाढी केली. रेडिओवर दाढी दिसत नाही, हे बायकोनं सांगून पाहिलं.

दुपारी शाळेच्या खोलीत दारं लावून बसलो. मी काळी चार दिली, गाणाऱ्यानं गाणं उचललं. साहेबांनी रीळ उलटं फिरवून ऐकवलं, तर नुसती आरोळी आणि तिच्यावर माझ्या भात्याचा फसफसाट. साहेब म्हणाले, "जरा खालच्या पट्टीत, हळू घ्या." मी पट्टी उतरवली, पण हात उतरेना. माझा हात जोरात, म्हणून गाणाऱ्याचा गळाही जोरात. पुन्हा तेच झालं.

पटाला दुरुस्तीची हत्यारं घेऊन आलेला चांद्याचा तो कारागीर खिडकीशी उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही वाजवता का?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊ, तुमी म्हणसान तरच."

"वाजवा ना. मी कुठी नाई म्हणून राह्यलो?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तो माझ्याच पेटीवर बसला. खालची, पांढरी एक दिली. भात्याला नुसता हात लावल्यासारखं केलं. आमचा गाणारा क्षणभर गोंधळला, मग गायला. माजघरात कुणाशी बोलावं तसा खालचा, ओलसर आवाज. त्याच्यासोबत मी एका ताटात जेवलो होतो, एका बंडीत झोपलो होतो, आणि हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी दाराशी उभा राहून जळत होतो. कारागीर कुठंतरी चुकावा, एक सूर तरी घसरावा, असं मनापासून वाटत होतं. काही घसरलं नाही.

ते गाणं रेडिओवर लागलं तेव्हा आमचा मुक्काम चिमूरला होता. एका दुकानात बॅटरीचा रेडिओ होता, तिथं सगळे जमले. गाणं संपल्यावर दुकानदार मला म्हणाला, "वा भाऊ, काय पेटी वाजवली!" पेटी माझीच होती, हात माझा नव्हता. एवढं सांगताना मला घाम फुटला.

संध्याकाळी खेळाआधी गाणारा लुगडं नेसत होता. मला म्हणाला, "भाऊ, आयकलं ना तुमी?"

"आयकलं."

"माह्यापाशी असा आवाज हाय हे मलेच मालूम नोतं." निऱ्या खोचता खोचता तो सहज पुढं म्हणाला, "तुमची पेटी लय जोरात राह्यते ना, तं मले पहिले तुमच्यावरून जा लागते. मंग लोकाईपर्यंत."

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी भांडलो तरी असतो.