तात्यांच्या तोंडचं वाक्य

तात्यांच्या नाकाला तीन भोकं होती. दोन सगळ्यांना असतात ती, आणि तिसरं आत, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यात. त्यातून ते धागा ओवायचे. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, मग दोन्ही टोकं धरून ताक घुसळल्यासारखा ओढायचे आणि वर डोळा मिचकावायचे. वर्कशॉपमध्ये नवा माणूस लागला की पहिल्या चहाला हा खेळ ठरलेला. निवेदक अर्थात मी! "मेहेरबान, कदरदान, मुलुंडचा एकमेव चमत्कार..." असा सूर लावला की लोकांच्या हातातला चहा सांडायचा. सगळ्यात मोठ्याने हसायचोही मीच.

आमचं काम पितळी नळांना आणि शॉवरना क्रोमचा मुलामा देण्याचं. मी सुपरवायझर, तात्या क्रोमच्या टाकीवर. टाकीत गडद तांबडं द्रावण. वीज सोडली की ते फसफसतं आणि वर पिवळट धुकं उठतं. ते आधी नाकाला झोंबतं, मग रक्त येतं, मग पडदा झिजतो. या धंद्यातल्या जुन्या लोकांना नाकातल्या भोकाचं फारसं काही वाटत नसे. पोलिसाच्या पायाला बुटाचा घट्टा पडतो, तसं ते समजायचे. पुढे तेच धुकं फुप्फुसात जाऊन काय करतं ते दिसत नव्हतं, म्हणून त्याचा खेळ कुणी करत नव्हतं.

माल तपासायची तात्यांची रीत बघण्यासारखी होती. नळ टाकीतून निघाला, धुऊन पुसून झाला की ते तो तोंडासमोर धरून 'ई' करायचे. वरचे दात, खालचे दात, पानाचा डाग, सगळं नीट दिसलं तर माल पास. "दात गावले," असं म्हणून पुढचा नळ घ्यायचे. मालकांचा एक बडा ग्राहक एकदा अचानक आत आला आणि त्याने पाहिलं, एक मिशाळ माणूस नळांच्या रांगेला ओळीने दात दाखवतोय. तो दोन पावलं मागे सरकला. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "चावत नाहीत. क्वालिटी कंट्रोल आहे."

टाकीजवळ मात्र ते दुसऱ्याला फिरकू देत नसत. "तुझा नाक अजून शाबूत आसा, मेल्या, लांब रव," असं म्हणून हाकलायचे. संध्याकाळी तिथल्याच नळाखाली अंघोळ करून, कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून घरी जायचे. नात मांडीवर बसते, तिला हे लागायला नको म्हणून. रोज चार वाजता मालकांकडून प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की पोटात गेलेलं सगळं उतरतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. वाटायचो मी, "घ्या, मुलुंडचं अमृत!" म्हणत. धूर पोटात जात नाही, छातीत जातो, हे मला ठाऊक होतं. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन.

आता पंख्याची गोष्ट. टाकीच्या काठाला धुकं ओढून घेणारा एक्झॉस्ट होता, त्याचा पाइप छपरातून वर गेलेला. बरा चालायचा. मग शेजारच्या कारखान्याच्या जागेवर टॉवर उभा राहिला, लोक राहायला आले आणि त्यांच्या गाड्यांवर पिवळे ठिपके पडू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी बॉनेटचा फोटो घेऊन आले. पाइपाला धुकं धुणारी यंत्रणा बसवायला हवी होती. मालक म्हणाले, "सध्या बंद ठेव, बघू नंतर." मी पंख्याचा फ्यूज काढला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. सोसायटीला माफीचं पत्रही मीच लिहिलं, झकास मराठीत. गाड्या वाचल्या. धुकं आत राहिलं.

दोनेक वर्षं अशी गेली आणि कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयातून तपासणीचं पत्र आलं. मालक घाबरले, मी खुलून गेलो. कॉलेजात मी एकांकिका बसवायचो, तो किडा अजून मेलेला नव्हता. फ्यूज जागेवर घातला, नवे मास्क वाटले, प्रत्येकाला संवाद दिले. चहाच्या वेळी तालीम. पोट पुढे काढून साहेब मीच व्हायचो. टाकी तात्यांची, म्हणून मुख्य वाक्यही त्यांना दिलं: "पंखा रोज चालू असतो, साहेब. आम्हाला काही त्रास नाही."

"माका खोटा बोलूक जमाचा नाय," तात्या म्हणाले.

"खोटं कुठे, तात्या? नाटक आहे. गावच्या दशावतारात तुम्ही राजा झाला होता ना? तेव्हा काय खरंच राजे होतात?"

सगळे हसले. तात्याही हसले. या युक्तिवादावर मी तेव्हा बेहद्द खूश होतो.

आल्या त्या साहेब नव्हत्या, मॅडम होत्या. तिशीच्या असतील. त्यांनी सगळं पाहिलं, नव्या मास्ककडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि तात्यांजवळ जाऊन हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, घाबरू नका. हा पंखा रोज चालतो?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमच्या मागे उभा होतो. नट अडला की विंगेतून शब्द पुरवतात, तसे मी नुसते ओठ हलवले.

"पंखा रोज चालू असतो, मॅडम. आम्हाला काही त्रास नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं, खाली तात्यांची सही घेतली. त्या गेल्यावर मी सगळ्यांना बटाटेवडे मागवले आणि तात्यांच्या पाठीवर थाप मारली, "काय काम केलंत, तात्या!" त्यांनी वडा हातात घेतला नाही. "सायबीण बरी होती रे," ते म्हणाले. "आमच्यासाठी इली होती." दुसऱ्या दिवशी फ्यूज पुन्हा माझ्या ड्रॉवरमध्ये.

खोकला सुरू झाला तेव्हा तात्यांनी आधी गूळ वाढवला, मग आलं चघळलं, मग पावसाला दोष दिला. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा त्यांच्या मुलीने जबरदस्तीने इस्पितळात नेलं. फुप्फुसाचा कॅन्सर. जन्मात बिडी न ओढलेला माणूस. डॉक्टरांनी काम काय करता विचारलं, मग बॅटरीने नाकात पाहिलं आणि तात्यांच्या मुलीला म्हणाले, "हे भोक पडलं तेव्हाच यांना त्या धुक्यातून बाहेर काढायला हवं होतं."

मी भेटायला गेलो. चार नकला करून दाखवल्या, मालकांची, डॉक्टरांची. तात्या हसले, हसताना दम लागला, आणि मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"टाकीर आता शिर्के आसा ना? त्याच्या नाकातसून रगात येता. माका फोन केलेलो." मनगट न सोडता म्हणाले, "त्या सायबिणीकडे जा. सांग, ता वाक्य माझा नव्हता, तुझा होता. मी सही केलंय, माझा आता कोण ऐकतलो? तुझा ऐकतीत."

शिर्के तात्यांच्या जागी नव्याने लागलेला, दोन मुलींचा बाप. मी म्हणालो, "बघतो, तात्या."

बघतो! सोन्यासारखा शब्द आहे. नोकरीची मला अजून पाच वर्षं होती, मुलाचं इंजिनिअरिंग चालू होतं. प्रत्येक भेटीत तात्या नुसते माझ्याकडे बघायचे आणि मी एखादी नवी नक्कल काढायचो. गणपती गेले, दिवाळी गेली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तात्या गेले. तोवर मी बघतच होतो.

तेराव्यानंतर मी त्या कार्यालयात गेलो. अर्जावर सगळं लिहिलं: फ्यूज, तालीम, वाक्य कुणी दिलं, सगळं. त्याच मॅडम होत्या. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "ते काका कसे आहेत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न कळवता त्या वर्कशॉपमध्ये हजर होत्या.

टाकी बंद झाली ती धुकं धुणारी यंत्रणा बसेपर्यंत. वर्कशॉपमधल्या सगळ्यांची डॉक्टरी तपासणी झाली. मालकांनी मला नारळ दिला, तो साहजिकच होता. महिन्याभराने शिर्के पेढे घेऊन माझ्या घरी आला. त्याच्या नाकात जखम होती, पण भोक पडलं नव्हतं, छाती स्वच्छ होती. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. तुमचे उपकार आहेत, साहेब. तुम्ही नोकरीवर पाणी सोडलंत आमच्यासाठी."

बायको चहा टाकायला आत गेली. मी म्हणालो, "माझे नाहीत, तात्यांचे."

"तात्यांचे कसे?"

मग पहिल्यापासून सांगावं लागलं. या वेळी मी आवाज काढले नाहीत, हातवारे केले नाहीत. तात्यांनी त्याच्यासाठी निरोप दिला तो दिवस सांगितला, आणि मी गेलो तो दिवसही. शिर्के मनातल्या मनात मधले महिने मोजत असावा. त्या सगळ्या महिन्यांत तो रोज आठ तास त्या टाकीवर उभा होता.

चहा आला तेव्हा तो उठला होता. "बसा ना, भावोजी," बायको म्हणाली. "नको, वहिनी," एवढंच बोलून त्याने चपला घातल्या. माझ्याकडे न बघता तो जिना उतरून गेला.