एका गाडीत दोन गाड्या

माझे यजमान भोरच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होते आणि वर्षातून एकदा पुण्याजवळच्या माळावर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे. मी नर्स. लसीच्या दिवशी ते त्याच मोटरसायकलवरून मला वेल्ह्याकडच्या गावांना सोडायचे आणि मग कामावर जायचे.

मोटरसायकलचे मागचे शॉकअप, खड्ड्यांचे धक्के झेलणारे, गळायला लागले तेव्हा आम्ही पुण्याला नवे आणायला गेलो. दुकानदाराने दोन जोड्या पुढे ठेवल्या. एक साधी, मऊ. दुसऱ्या जोडीत स्प्रिंगखाली तीन खाचांची कडी होती. पान्याने कडी फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ व्हायची. यजमानांनी ती जोडी हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही.

"एका गाडीत दोन गाड्या झाल्या बघ. शर्यतीला कडक, तुझ्यासाठी मऊ. काय म्हणतेस?"

सकाळपासून उभी होते. पाय दुखत होते.

"तुम्हाला हवी ती घ्या," मी म्हटलं.

पहिले काही आठवडे ते आठवणीने कडी फिरवायचे. शर्यत जवळ आली तसा रोज सराव सुरू झाला आणि रोज संध्याकाळी स्प्रिंग कडक होऊ लागली. सकाळी निघायची घाई, मग ती तशीच राहायची. "आजचा दिवस सांभाळून घे," म्हणायचे. मी घेत होते. नसरापूर मागे पडलं की प्रत्येक खड्डा थेट माझ्या कमरेत यायचा. तक्रार करायलाही जोर लागतो. तेवढाही उरला नव्हता.

एकदा पाली गावाला निघालो होतो. मांडीवर लसीचा थर्मास होता, बर्फ घातलेला. एका चरातून गाडी उसळली आणि थर्मासच्या आत काहीतरी किणकिणलं. गावात पोचून झाकण काढलं तर आतली काच फुटून बर्फात मिसळली होती. लसीच्या बाटल्याही तडकल्या होत्या.

देवळापुढे बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. मी सांगितलं, आज टोचता येणार नाही. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन उठली.

"बाई, आमी लई लांबनं आलोय. आज न्हाईच व्हय?"

"नाही हो, आजी. पुढच्या आठवड्यात या."

ती पोराला घेऊन वळली आणि बांधावरून चालू लागली. यजमान गाडीपाशी उभे राहून तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि तिथेच, मातीत गुडघे टेकून, दोन्ही बाजूच्या कड्या मऊ केल्या.

शर्यतीच्या आदल्या दिवशीही त्यांनी कड्यांना हात लावला नाही. मीच म्हटलं, "अहो, उद्यापुरती कडक करा ना."

"कंटाळा आलाय गं," ते म्हणाले.

तशीच गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी परतले. कितवे आले, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. अंगावरची धूळ धुतली, दोन घास खाल्ले आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपले.

त्याच वर्षी मला वेल्ह्याला, लसीच्या गावांजवळ, राहायला खोली मिळाली. मी तिथे गेले. शनिवारी ते भोरहून मोटरसायकलवर यायचे. मी चहा टाकायची, आणि उकळी येईपर्यंत दोघंही दारात बसून राहायचो.