उंची कॅमशाफ्ट

"घाई कोनले शे?" असं म्हणत नाना मिस्त्री आधी अंगठा फिरवायचे. बाजारात वांगं घेताना त्यावर, घरी नव्या घागरीच्या काठावर आणि गॅरेजात इंजिनाच्या प्रत्येक भागावर. अंगठ्याला पटलं तर वस्तू आत, नाही तर परत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. फक्त आमच्या नानांचा अंगठा चुकत नसे, आणि चुकला असेल तर ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी धुळ्यात शाळामास्तर होतो आणि माझी खोली नानांच्या गॅरेजासमोर होती. नानांना लिहिता-वाचता येत नसे, त्यामुळे त्यांची पत्रं मी लिही. मोबदल्यात ते माझी सायकल बघत. सायकलीकडे बघताना मात्र त्यांचा चेहरा पाहुण्यांच्या पोराचं नाक पुसावं लागल्यासारखा होई.

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या मोटारीचं इंजिन फुटलं. बाई शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर बाळंतपणं करायला जात. मोटार बसली तेव्हा त्या बैलगाडीने जाऊ लागल्या, आणि एकदा पोहोचेपर्यंत बाळ आणि आई दोन्ही गेली. त्यांच्या संस्थेने कळवलं की दिवाळीपर्यंत मोटार रस्त्यावर आली नाही, तर ही फेरी बंद करून बाईंना दुसरीकडे धाडू.

नानांनी लष्करी डिस्पोजलातून, म्हणजे युद्धानंतर विकायला काढलेल्या मालातून, त्याच जातीचं दुसरं इंजिन मिळवलं. पण ते ओलीत पडून होतं. त्याच्या पोटातला कॅमशाफ्ट, म्हणजे फिरता फिरता आपल्या उंचवट्यांनी झडपा उघडणारा दांडा, गंजाने खाल्लेला निघाला. नवा घ्यावा लागणार होता.

"नाना, घ्यायचाच आहे तर जरा जोरदार घ्या," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हले शर्यत लावनी शे का सातपुडा चढना शे?" नानांनी विचारलं. मग त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. शर्यतीच्या कॅमशाफ्टचे उंचवटे मोठे. इंजिन जोरात पळतं तेव्हाच त्याला ताकद येते, हळू चालवलं की थरथरतं आणि मरतं. बाईंना हवं होतं बैलाच्या चालीने चढणारं, दारात उभं असताना गप्प चालत राहणारं इंजिन. म्हणून मूळच्याहून एखादी पायरी वरचा, लॉरीला घालतात तसला कॅमशाफ्ट, आणि झडपांना थोड्या कडक स्प्रिंगा. फार कडक केल्या तर त्या दांडाच खातात.

"सासू कडक जोयजे," नाना म्हणाले, "पन सून माहेर पयी जाई इतली नही."

बाई हसल्या. स्प्रिंगा आणि झडपा धुळ्यातच मिळाल्या. कॅमशाफ्टसाठी मुंबईच्या दुकानाला पत्र लिहायला मी बसलो. नानांनी मजकूर सांगितला, "हलका कॅमशाफ्ट धाडा."

आता माझ्यातला मास्तर आडवा आला. हलका? डॉक्टरीणबाईंच्या गाडीला आणि हलका माल? दुकानदार काय म्हणेल, खानदेशातले मिस्त्री भंगार मागतात म्हणून? मी नानांना न विचारता झोकदार अक्षरात लिहिलं, 'कृपया उंची कॅमशाफ्ट पाठवावा.' वर स्वतःवर खूश झालो. दीडशहाणा म्हणतात तो हाच.

दिवाळीला दहा दिवस उरले तेव्हा पार्सल आलं. आत चिठ्ठी होती, 'मागणीप्रमाणे, सर्वांत जास्त उंचीचा.' नानांनी उंचवट्यावर अंगठा फिरवला आणि तो तिथेच थांबला.

"हाई ते शर्यतनं घोडं शे. लिखा मास्तर. दुकानवालासले इचारा, हलका म्हनजे कमी उंचवटाना, समजस नही का तुम्हले?"

मी टाक दौतीत बुडवला आणि परत खाली ठेवला. "नाना, चूक दुकानाची नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"म्हनजे तुम्ही मन्ही अब्रू झाकाले गयात," नाना म्हणाले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं आणि हसू गेलं. माल परत करून दुसरा मागवायला तीन आठवडे लागले असते.

"तात्पुरता हाच बसवला तर?" मी विचारलं.

"बसाडी देसू. मंग बाई चढवर बंद पडी. तठे कोन ढकली? पोटुशी?"



दुसऱ्या दिवशी कॅमशाफ्ट धोतरात गुंडाळून, बदल्यात लॉरीचा मिळतो का ते बघायला, नाना आणि मी एस.टी.ने जळगावला गेलो. शाळेत मी रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं 'घरगुती', आणि ते मला खोटं वाटलं नाही. दोन दिवस भंगारवाले आणि गॅरेजं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी बोदवडला एका मारवाडी शेठजींच्या मळ्यात विहिरीवर त्याच जातीचं, लॉरीतून काढलेलं इंजिन पाणी उपसताना सापडलं.

"मिस्त्री, चालतं इंजिन उघडायचं? केळी वाळली तर?" शेठजी म्हणाले.

"शेठजी," नाना धोतरातला कॅमशाफ्ट पुढे करत म्हणाले, "तुमनं इंजिन दिवसभर एकच चालवर पयस. त्याले हाऊ मानी. बाईनी गाडीले तुमना जोयजे." मग नानांनी पाड्यावरच्या त्या आईची हकिगत सांगितली.

पंप बंद करायला शेठजी स्वतः उठले.

नानांनी तिथेच अदलाबदल केली. पाणी आधीपेक्षा जोरात पडायला लागलं तेव्हा शेठजींनी आम्हाला जेवू घातलं आणि केळीचा एक घड बांधून दिला. धुळ्याला आल्यावर चार दिवस नाना गॅरेजातून हलले नाहीत. त्यांचं ठरलेलं "घाई कोनले शे?" मी त्या चार दिवसांत एकदाही ऐकलं नाही.

धनत्रयोदशीला बाई मोटार घेऊन पाड्यावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट गॅरेजात आल्या.

"बंद पडनी का?" नानांनी विचारलं.

"नाही. बॅटरी कमजोर, म्हणून दारात चालूच ठेवली होती. बाप गाडीला टेकून बसला होता. आत मुलगी जन्मली, तिचं रडणं त्याला चालत्या इंजिनाशेजारी ऐकू आलं."

"मंग ठीक शे," नाना म्हणाले आणि स्वच्छ हात पुन्हा धुवायला गेले.

बाईंची फेरी पुढे चालू राहिली. सहा-सात वर्षांनी नाना छातीच्या दुखण्याने आडवे झाले आणि त्यांना दवाखान्यात न्यायला बाई तीच मोटार घेऊन आल्या. मागच्या सीटवर नानांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला वाटलं, ग्लानी आली आहे. तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "बाई, टकटक ऐकू येस. म्होरेतून चौथं टॅपेट ढिलं व्हयनं. घर गयात का कसाडी लेवा."

दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर बाईंनी दुसऱ्या मिस्त्रीला इंजिनाचं झाकण उघडायला लावलं. मीही जवळ उभा होतो. कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर बसून झडप ढकलणाऱ्या एकेका टॅपेटची फट त्याने पट्टी घालून तपासली. सात जिथल्या तिथे होती. चौथं तेवढं ढिलं होतं. बाई त्याला काही तरी सांगत होत्या, ते मी ऐकलं नाही. मी तिथेच उभ्या उभ्या रडलो.