दुपट्ट्याखालचा शब्द

माझ्या भागीदारानं उभ्या आयुष्यात कुणाला तोंडानं शब्द दिला नाही, आणि त्यानं हातानं शब्द दिला नाही असा माणूस आमच्या गावात शोधून मिळायचा नाही. हे मी रागानं सांगतो आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. राग आहेच. पण रागाच्या खाली आणखीही काही आहे, नाहीतर मी लिहायला बसलो नसतो.

आम्ही दोघं बैलांचे व्यापारी. दिग्रसच्या बाजारात आमची एकच दावण. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा गुडघ्याला गुडघा लावून बसतात, एकजण खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकतो, आणि खाली बोटं दाबून आकडा सांगितला जातो. भोवती गर्दी उभी असते, पण कुणाला काही कळत नाही. सौदा फिसकटला तरी कुणाची अब्रू जात नाही, कारण कोण काय म्हणालं ते त्या दोन हातांनाच माहीत असतं. ही बोटांची भाषा मी त्याला शिकवली. मी स्वतः दुसऱ्याची गुरं वळता वळता, शिव्या खात शिकलो होतो. त्याला मात्र आयती मिळाली. वर्षभरात त्याच्या हाताला असं वळण आलं की धरणाऱ्याला मुठीत सरकी काढलेला कापूस घेतल्यासारखं वाटे. त्या हातानं भाव पाडून घेतला तरी माणूस हसत उठायचा. मी भाव पाडला की लोक माझ्या सात पिढ्या काढत.

मग नव्या कायद्याची ग्रामपंचायत आली. तो निवडून आला, मीही आलो. सरपंच आम्ही सभासदांनीच आपल्यातून निवडायचा होता. त्यानं भाषण केलं नाही, कुणाला जेवायला बोलावलं नाही. एकेकाच्या बाजेवर जाऊन बसला, पाऊसपाण्याच्या चार गोष्टी केल्या आणि हळूच दुपट्टा टाकला. अंगठा म्हणजे सरपंच, म्हणजे तो स्वतः. अंगठ्याशेजारचं बोट म्हणजे उपसरपंच. माझं ते बोट त्यानं असं काही धरलं की दुसऱ्या दिवशीही मला ते बाकीच्या बोटांपेक्षा वेगळं वाटत होतं. आधी एका थकलेल्या म्हाताऱ्याला उपसरपंच करायचं, होळीनंतर तो तब्येतीमुळे राजीनामा देईल, मग ती जागा माझी, असं सगळं त्या एका दाबात आलं. पण पदावर बसल्यापासून म्हातारा हिरवा चारा मिळाल्यासारखा टवटवीत होत गेला. होळी झाली, पोळा झाला, दुसरी होळी आली. म्हातारा काठी टाकून चालायला लागला.

सरपंच झाल्यावर भागीदारानं बाजार सोडला, पण बाजारानं त्याला सोडलं नाही. माणसाची पारख तो बैलासारखी करायचा. अमका सभासद मारका, त्याला एकटा बांधायचा. तमका बसका, ऐन चढावर बसतो, त्याच्यावर ओझं टाकायचं नाही. तिसरा अंगचोर, जोडीदाराच्या जिवावर चालणारा. मी कसा, ते मात्र कधी सांगितलं नाही. एकदा चिडून विचारलं, तर माझ्याकडे पायापासून शिंगापर्यंत पाहिल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "तुले तर मी पायतच नाई, गड्या. तुयासंग चालून राह्यलो, मंग पाहू कसा?" मी खूश होऊन घरी आलो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की हेही उत्तर नव्हतं.

आणि धास्ती. खुर्ची मिळाल्यावर माणूस पसरतो असं मी ऐकून होतो; हा आकसत गेला. कुठंही गेला की भिंत पाहून पाठ टेकवायचा. कुणी वाकून रामराम घातला तर याच्या मनात काय आहे म्हणून काळजी, कुणी घातला नाही तर काय झालं असेल म्हणून त्याहून काळजी. गावचा न्हावी विरोधकांचीही दाढी करतो आणि त्याच्या हातात वस्तरा असतो, या दोन गोष्टी एके दिवशी त्याच्या एकदम ध्यानात आल्या. तेव्हापासून तो घरीच दाढी करू लागला. हनुवटीवर काप पडायचे. पुढे पुढे लोक त्याची हनुवटी पाहूनच पंचायतीचं हवामान ओळखू लागले. दोन काप दिसले की बायका पाणी भरता भरता म्हणत, आज बैठक दिसते.

दोन सभासद आपल्या घरी एकमेकांना भेटता कामा नयेत, हा त्याचा सर्वांत कडक नियम. एक समोरून आला की आधीचा गोठ्यातून मागे निघायचा. एकदा मी बसलेलो असताना ओसरीवर पावलं वाजली आणि त्यानं मला गोठ्यात ढकललं. मागच्या दाराला गाय आडवी बसलेली. उठेपर्यंत थांबावं म्हणून मी कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाआड गेलो, तर तिथं आमचा मारका सभासद आधीच उकिडवा बसलेला. बहुधा तोही गाईचीच वाट पाहत होता. त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "तुले कोन्तं बोट देल्लं?"

मी अंगठ्याशेजारचं बोट वर केलं. त्यानं आपलं तेच बोट वर केलं. गाय आमच्याकडे पाहत रवंथ करत होती.

बसका आणि अंगचोर यांनाही तेच बोट मिळालं होतं, हे त्याच आठवड्यात उघड झालं. आम्ही अविश्वासाच्या ठरावावर सह्या केल्या. माझी सही सर्वांत वर आणि सर्वांत मोठी. पण खरं सांगायचं तर सही केल्यापासून माझीही झोप उडाली. मारक्याला त्यानं परत बोलावलं असेल का? बसका काल त्याच्या गल्लीत कशाला गेला होता? कुणी धोतर सावरायला हात खाली नेला तरी आम्ही त्या हाताकडे पाहू लागलो. ज्या गावात याआधी बैलांचीच पारख होत होती, तिथं आम्ही एकमेकांची करू लागलो, आणि तीही भीतीनं.

मोजदाद केली तेव्हा एका मतावर सगळं अडलं होतं. ते मत सुखदेवचं.

सुखदेव गावाच्या पूर्वेकडल्या वस्तीतला सभासद. त्या वस्तीनं नुकताच बौद्ध धर्म घेतला होता आणि गावातली मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम सोडलं होतं. यावरून पुष्कळ लोक त्यांच्यावर फुरंगटले होते, त्यात आमचे बैलवाले पुढे. गावच्या विहिरीवर त्यांना कायद्यानं बंदी नव्हती, पण त्यांच्या बाया नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरच पाणी भरत. वस्तीत विहीर हवी, एवढंच सुखदेवचं मागणं. भागीदारानं ती विहीर त्याला पुन्हा पुन्हा दिली होती, अर्थात दुपट्ट्याखाली. गावात ज्यानं कधी सुखदेवची सावलीही अंगावर पडू दिली नाही, तो दुपट्ट्याखाली त्याचा हात खुशाल धरायचा. वरून कापड असलं की त्याला विटाळ लागत नव्हता. तोच हात तो दुसऱ्या घरी जाऊन, विहीर काही होत नाही, असं सांगायलाही वापरायचा.

ठरावाच्या दिवशी चावडी भरली. तालुक्याचे साहेब टेबलाशी बसले होते. भागीदार आला तेव्हा त्याच्या हनुवटीवर इतके काप होते की मला, राग असूनही, पाहवेना. तो सरळ जाऊन सुखदेवच्या शेजारी बसला आणि सवयीनं दुपट्टा दोघांच्या मांडीवर पसरला. त्याचा हात खाली गेला.

सुखदेवनं हात खाली नेला नाही. त्यानं आपला पंजा दुपट्ट्याच्या वर ठेवला, उताणा, उघडा.

"सरपंच, तुमचा हात मले ओयखीचा हाये," तो म्हणाला. "लोकाइले दिसू द्या. वरून द्या, अन् विहीर म्हना."

भागीदाराचा हात दुपट्ट्याखाली हलताना आम्हांला दिसत होता, पोत्यात सापडलेल्या उंदरासारखा. तो काठापर्यंत आला. चार बोटं बाहेर आली. त्यानं भोवती पाहिलं. त्याच्या बाजूचे जे उरले होते त्यांच्या तोंडाकडे, मग आमच्या तोंडाकडे, मग दाराबाहेरच्या गर्दीकडे. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो भाव वाचत होता. एवढा हुशार माणूस, पण इतक्या माणसांचा भाव एकदम कसा काढणार? बोटं थांबली आणि परत आत गेली.

साहेबांनी ठरावाच्या बाजूनं कोण असं विचारलं, तेव्हा सुखदेवनं तोच हात वर केला.

मारका सरपंच झाला. उपसरपंचपद मला तेव्हाही मिळालं नाही, पण तो राग वेगळा आहे. वस्तीतली विहीर पुढच्या उन्हाळ्याआधी झाली. सुखदेवनं ठराव भर बैठकीत मोठ्यानं वाचायला लावला आणि जो गप्प बसला त्याला नाव घेऊन विचारलं. भागीदार मात्र घरात बसला. मी एकदा मुद्दाम टोमणा मारायला गेलो, म्हटलं, एक हात द्यायचा होता, तेवढाही निघाला नाही? तो भिंतीला पाठ टेकून होता. म्हणाला, "निघाला व्हता. पन मी तुमच्या तोंडाकडं पायलं. कोन्या तोंडानं हो म्हनलं, सांग बरं." मी भांडून परत आलो.

त्यानंतर काही वर्षांनी तो दिग्रसच्या बाजारात आला. पार वाळला होता. खांद्यावर तोच दुपट्टा, पण त्याच्यासमोर कुणी बसेना. त्याच्या हाताचा शब्द कुणी धरायला तयार नव्हतं. दावणीदावणीवरून फिरत तो माझ्याजवळ आला, गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि न विचारता दुपट्टा माझ्या हातावर टाकला. माझं डोकं तापलं होतं, पण हात जुना. तो आपोआप वाचायला लागला. मी अंगठ्याची वाट पाहिली, त्याच्या शेजारच्या बोटाची पाहिली. एकही बोट दाबलं गेलं नाही. हात अजून मऊ होता, फक्त थंड झाला होता.

"भाव तं सांग," मी म्हणालो.

"भाव नाई," तो म्हणाला. "असाच."

बैल हंबरत होते, धूळ उडत होती. आमच्याभोवती हळूहळू माणसं जमली आणि एकमेकांना खुणा करू लागली. हे दोघे इतका वेळ बसलेत म्हणजे मोठी जोडी असणार, असं त्यांना वाटलं असेल. मी हात काढला नाही.