सर्वांना समान दीडपट

१९८२च्या गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता परळमधल्या आमच्या चाळीच्या मंडळाने संपकरी घरांना मिळणारी तांदळाची मदत वाढवली. ठराव एका ओळीचा होता : ‘सर्वांना समान दीडपट वाढ.’ अक्षर माझं होतं. शब्दही माझेच.

संपाला तेव्हा आठवा महिना चालू होता. मी एका दैनिकात उमेदवार बातमीदार होतो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम कामगार. चाळीत साठ घरं संपावर होती. चाळीस घरांत कायम कामगार आणि वीस घरांत बदली. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कोणी कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचा, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी यायचा.

मदतीची यादी मार्चमध्ये झाली होती. त्यासाठी कोणी घरोघर फिरलं नाही. गणपतीचं वर्गणीपुस्तक कपाटात होतं, त्यात खोलीच्या क्रमाने सगळी घरं होती. मी तेच एका वहीत उतरवून काढलं. पुस्तकात दोन रकाने होते, ‘पूर्ण’ आणि ‘अर्धी’. बदलीवाल्याच्या कामाचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्याकडून अर्धीच वर्गणी घ्यायची, ही मंडळाची जुनी रीत. रकाने यादीत जसेच्या तसे आले. पूर्णला महिन्याला दहा किलो, अर्धीला पाच. तेव्हा कोणी काही बोललं नाही.

त्या वर्षी गणपतीला कोकणात गेलेली माणसं परतताना गावागावातून तांदूळ गोळा करून आली. महिन्याला अडीचशे किलो जास्त वाटता येतील असं दिसलं. त्यासाठी ती रविवारची सभा.

सत्तावीस नंबरच्या खोलीतला शेजारी पहिला उठला. तो बदली होता, घरात बायको आणि तीन मुलं. म्हणाला, “सगळ्यांना चार-चार किलो वाढवा. दहाचे चौदा, पाचाचे नऊ. वर दहा किलो उरतात, ते अडल्यानडल्याला ठेवा.”

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, होते; त्यांचा मुलगा कायम कामगार. “म्हणजे तुझी वाढ जवळजवळ दुप्पट आणि आमची निम्मीसुद्धा नाही? अरे, संपाआधी तुला महिन्यात हजेऱ्या किती मिळायच्या?”

“बारा. कधी पंधरा.”

“मग तुझं बुडालं किती आणि आमचं बुडालं किती?”

“जेवायला मात्र तीसही दिवस बसायचो, काका.”

लोक हसले. मग आवाज चढले. कोणीतरी म्हणालं, “ओ पेपरवाले, नुसते बसलात काय? भांडण मिटेल असं काहीतरी लिहा.” मी ती ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. ‘समान’ शब्दाशी सभा शांत झाली. दहाचे पंधरा, पाचाचे साडेसात. हात वर झाले. वडिलांचाही झाला. बदलीवाल्यांपैकीही काहींनी हात वर केले. सत्तावीस नंबरवाल्याने केला नाही.

त्याची बायको गॅलरीच्या कठड्याशी उभी होती. ती तिथूनच म्हणाली, “गणपतीक अर्धी वर्गणी घेतलात, तेवा आमी हात जोडले. आता आमची पोटां पण अर्धी लिवलास काय रे, भावोजी?”

सभेचा वृत्तांत मीच लिहिला; त्यात तिच्या या बोलण्याची नोंद नाही.

चार-चार किलोंची सूचना मान्य झाली असती, तर आमच्या घरी एक किलो कमी आला असता. त्यांच्याकडे दीड किलो जास्त गेला असता.

पुढच्या रविवारी वाटप झालं. मंडळाच्या तराजूला आजवर अर्ध्या किलोचं वजन लागलं नव्हतं. ते नाक्यावरच्या वाण्याकडून मागून आणलं. अर्धीच्या रकान्यातलं घर आलं की ते पारड्यात पडायचं. त्याचा आवाज बाकीच्या वजनांपेक्षा बारीक होता. एका सकाळीत तो वीस वेळा झाला. वाण्याच्या दुकानात तो आवाज झाला की माझी मान अजूनही वळते.

सत्तावीस नंबरवाल्याने साडेसात किलो पिशवीत घेतले. मग पिशवीचं तोंड उघडून अडीच किलो पोत्यात परत ओतले. “वाढ तुमच्याकडे राहू दे,” म्हणाला. अध्यक्षांनी मला लिहायला सांगितलं. मी त्याच्या नावापुढे पाच लिहिलं.

दिवाळीनंतर गिरणीने थोडी माणसं आत घ्यायला सुरुवात केली. पोलिसांच्या गाडीमागून जे आत गेले, त्यांत तो होता. त्याच संध्याकाळी मंडळाने त्याचं नाव कमी केलं. मी लाल शाईने ओळ खोडली आणि पुढे गिरणीचं नाव घालून लिहिलं, ‘कामावर गेला’. त्यानंतर नळावर त्याच्या बायकोची कळशी शेवटी लागायची. ती कितीही लवकर आली तरी. माझी आई त्याच रांगेत असायची.

काही वर्षांनी ती गिरणीही बंद पडली. तो फणसवाडीत एका छापखान्यात हमाली करताना वारला. कुटुंब चाळ सोडून गेलं.

गिरणी कामगारांना घरं देण्याचे अर्ज निघाले तेव्हा त्याची बायको मला शोधत आली. केस पांढरे झाले होते. नवरा गिरणीत होता, याचा एकही कागद तिच्याजवळ नव्हता. बदलीचा पास हरवला होता.

“भावोजी, ती वही आसा?”

वही होती. मी पान काढलं. तिला वाचता येत होतं. खोली सत्तावीस. अर्धी. पाच. मग पुन्हा पाच. मग लाल रेघ. तिने रेघेच्या पुढे बोट ठेवलं.

“ह्या लिवलंस, तेवा ह्यांनी चार दिवस तोंड दाखवूक नाय कोणाक. आता ह्याचीच झेरॉक्स काढ.”

मी म्हणालो, “मी चूक लिहिलं होतं. अर्धीचं.”

“ता माका म्हायत आसा,” ती म्हणाली. “झेरॉक्स काढ.”

पानाची प्रत मी अर्जाला जोडली आणि ती खरी असल्याची सही केली. खिडकीवरच्या कारकुनाने दोन्ही ठेवून घेतलं आणि पोच दिली. अर्जाचा क्रमांक मी त्याच वहीत, लाल रेघेखाली उतरवून ठेवला आहे.

त्यानंतर निघालेल्या सोडतींच्या सगळ्या याद्या मी पाहिल्या. तो क्रमांक त्यांत नाही.