नानांनी केलेलं कॅलिपर

मित्रांनो, ग्रुपवर मी सहसा लिहीत नाही. आज लिहितो आहे, कारण घरात कोणाला सांगता येत नाही.

माझे थोरले भाऊ नाना गेले, त्याला आज सहा दिवस झाले. ते साक्रीला लाइनमन होते. नव्वद सालच्या आसपास माझ्या पोलिओ झालेल्या मुलीसाठी त्यांनी स्वतः पायाला आधाराला बांधायचं कॅलिपर केलं होतं. लोखंडी पट्ट्या, खांबावर चढताना बांधायचा जुना कमरपट्टा आणि पायाला टोचू नये म्हणून आतून फाटक्या रबरी हातमोज्यांचं अस्तर.

धुळ्यात एका लग्नात मेहुणे हसले, "पोरगी खांबावर चढणार का?" मी दुसऱ्याच दिवशी ते नानांना परत केलं. "डॉक्टरांनी पुण्याचं सांगितलंय," असं खोटं बोललो. पुण्याचं यायला वर्ष लागलं. तेवढे दिवस मुलगी गुडघ्यावर हात दाबत शाळेत गेली.

आज दारावर, सांत्वनाला बसायला आलेली साक्रीकडची एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुनी पोरले पुनानं भारी उनं, मंग नानानी ते माले दिधं. मना पोऱ्या त्यावरच शाळा शिकना." म्हणजे माझ्या मुलीला पुण्याचं आल्यावर नानांनी ते हिच्या मुलाला दिलं होतं, आणि तो त्यावरच शाळा शिकला.

मुलगी शेजारीच बसली होती. म्हणाली, "पप्पा, मला आठवतं ते. न टोचणारं तेवढं एकच होतं. डॉक्टरांनी का काढायला लावलं हो?"

मी चहाचं निमित्त करून आत आलो. आता संध्याकाळ झाली, ती पुन्हा विचारत नाही. तिला खरं कसं सांगावं, तुमच्यापैकी कोणी सांगेल का?